पंढरीच्या दंतकथा व आमचे सोयीचे अज्ञान

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात एक शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळात देवाला मिळालेल्या देणग्यांची ती नोंद होय. रामचंद्रदेव यादवाची कारकीर्द तेव्हा चालू होती, आणि त्याचे व हेमाद्रिपंडिताचे नाव त्या लेखात येते. कोणी काय दिले, हा त्याचा साधा विषय. परंतु लोकांत ती शिळा ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत रूढ झाली. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंनी तिला पाठ घासली. दात्यांची नावे झिजत गेली आणि पुण्य मात्र वाढत गेले!

विद्यार्थिदशेत ही हकीकत आम्ही प्रथम ऐकली, तेव्हा मनसोक्त हसलो होतो. इंग्रजी विद्येची नवी धार चढलेल्या तरुणाने अशा गोष्टीला हसावे, हे त्या वयाला धरूनच होते. आज पन्नाशी उलटल्यावर मात्र तसे हसू येत नाही. बिचाऱ्या यात्रेकरूला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने शिळेला पाठ लावली. आम्हांला वाचता येते. तरीही पंढरीच्या दंतकथांशी आम्ही नेमके हेच करीत आलो आहोत. कथा ऐकावी, गहिवरावे, डोळे पुसावे, आणि तिच्यात काय लिहिले आहे याकडे पाठ फिरवावी, हा आम्हां सुशिक्षितांचा क्रम होऊन बसला आहे. त्या क्रमाविरुद्ध प्रस्तुत लेख आहे.

दंतकथा म्हटली की आमच्यात दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, या साऱ्या भाकडकथा. त्यांत वेळ दवडण्याचे कारण नाही. या पक्षाचेच एक विद्वान अंग मूळ शोधण्यात रमते. हा देव मुळात कोण, गवळी-धनगरांचा की वैदिकांचा, वीरगळ की विष्णू, हे वाद शतकभर चालले आहेत. कै. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ सालचा ग्रंथ या शोधाचे शिखर मानावा लागेल, आणि त्याच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण देव कोठून आला हे कळल्याने, तो येथे येऊन काय सांगू लागला हे कळत नाही. २०२४ साली मंदिराच्या जतनाचे काम चालू असता एक तळघर सापडले व त्यातून काही मूर्ती निघाल्या. त्या किती जुन्या, याची चर्चा घरोघर झाली. जी कथा तळघरात नव्हे, दर एकादशीला कीर्तनात उघड्यावर मांडलेली असते, तिच्याविषयी अशी उत्सुकता आम्ही कधी दाखविली आहे काय?

दुसरा पक्ष भाविकांचा. त्याचे म्हणणे असे की, कथा अक्षरशः खरी आहे. तिच्यापुढे हात जोडावे, शंका काढू नये. पहिला पक्ष कथा फेकून देतो आणि दुसरा तिला मखरात बसवितो. ती वाचण्याचे श्रम दोघेही टाळतात.

महीपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे आणि कीर्तनपरंपरेमुळे ज्या कथा महाराष्ट्राच्या तोंडी बसल्या, त्यांतील तीनच घेऊ. पहिली चोखोबांची. देव चोखोबांच्या घरी जेवावयास गेला. वाढताना सोयराबाईंच्या हातून त्याच्या पीतांबरावर दही सांडले. चोखोबा पत्नीला त्याबद्दल बोलत असता पुजाऱ्याने ते ऐकले, आणि हा देवाची विटंबना करतो असे समजून त्यांच्या तोंडात मारली. मंदिरात जाऊन पाहतो तो पीतांबरावर दही, आणि देवाचा गाल सुजलेला! दुसरी जनाबाईंची. देव त्यांच्या बरोबर दळू लागला आणि जाताना आपले पदक विसरला. मोलकरणीच्या घरी देवाचा दागिना सापडला म्हणून तिला सुळावर नेले, तेव्हा सुळाचेच पाणी झाले. तिसरी दामाजीपंतांची. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे त्यांनी भुकेल्यांना मोकळी केली. तो भरणा करण्यासाठी देव स्वतः विठू महार झाला आणि बेदरच्या दरबारी पैसे मोजून पावती घेऊन आला.

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. देव मंदिराच्या बाहेर जातो; कधी महारवाड्यात, कधी जात्यापाशी, कधी परमुलखातील दरबारात. तो बाहेर का जातो, हा प्रश्न मात्र आम्ही विचारीत नाही. चोखोबा देवाकडे जेवावयास का गेले नाहीत? कारण त्यांना आत जाण्याची बंदी होती. देवाचा दागिना गरिबाच्या घरी दिसताच ती चोरीच, असे धरून का चालले? कारण देव अशा घरी जाणे शक्य नाही, अशी देवाच्या रखवालदारांची खात्री होती. या कथांत देव दयाळू आहे हे खरे. पण त्याच कथांत त्याचे घर चालविणारे कसे होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. देव बाहेर आला हे आम्ही मुलांना भरल्या गळ्याने सांगतो. दार बंद होते, हे सांगत नाही.

आम्ही हे परक्याला शिकवीत नसून स्वतःवरून सांगत आहो. काही वर्षांपूर्वी संतवाङ्मयाच्या तासाला चोखोबांची ही कथा आम्ही वर्गात रंगवून सांगितली. देवाचा गाल सुजला, येथे वर्ग स्तब्ध झाला, आणि आम्हांस आपल्या वक्तृत्वाचा थोडा अभिमानही वाटला. तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, “सर, ज्याने मारले त्याचे पुढे काय झाले?” आम्ही म्हणालो, त्याला पश्चात्ताप झाला, असे कीर्तनकार सांगतात. तो म्हणाला, “पश्चात्ताप झाला, तर मग दार १९४७ पर्यंत बंद का होते?”

तास संपल्याची घंटा झाली नसती, तरी आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या मुलाने शिळेला पाठ न लावता ती वाचली होती.

चोखोबांचा मृत्यू १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून झाला, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, त्यांची समाधी आहे. देवाच्या दारी समाधी मिळाली, याचे आम्हांस केवढे कौतुक! पण समाधी दारापाशी आहे, म्हणजे दाराच्या बाहेर आहे. त्यानंतर सहा शतके चोखोबांच्या समाजातील वारकरी मैलोगणती चालून येई, आणि त्याची वारी त्या समाधीपाशीच संपे. शेवटी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा मंदिर हरिजनांना खुले करण्याचे ठरले. त्या वेळी काही मंडळींनी मूर्तीतील देवत्व मंत्रविधीने घागरीतील पाण्यात काढून घेतले, अशी हकीकत सांगितली जाते. हा विधी आणि चोखोबांची कथा वाचकांनी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. कथेतील देव चोखोबांच्या ताटावर बसतो. विधीतील देवाला चोखोबांचे वंशज येणार म्हणून घागरीत लपवावे लागते! या दोघांपैकी पंढरीचा खरा देव कोणता, हे सांगावयास पंडिताची गरज नाही.

यावरून आम्ही विधींचे शत्रू आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पंढरीच्या विधींइतके माणुसकीने ओथंबलेले विधी फार थोड्या ठिकाणी असतील. आषाढी जवळ आली की देवाच्या शेजघरातील पलंग काढून ठेवतात. लेकरे दुरून चालत येत आहेत, तेव्हा बापाने निजावे कसे? मग दिवसरात्र दर्शन चालू राहते. उभ्या देवाच्या पाठीशी मऊ लोड आणि रुक्मिणीमातेस तक्क्या देतात. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. लिंबूसाखर लावून, ऊन पाण्याने स्नान घालून देवाचा शीण काढतात आणि रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवितात. दगडाच्या मूर्तीला थकवा येतो काय, असे विचारणाऱ्या तर्कपंडिताला आम्ही एवढेच म्हणू की, पाहुण्यांसाठी जागणाऱ्या गृहस्थाचा आदर्श याहून सुंदर रीतीने कोणी शिकविला असेल तर दाखवावा. मूर्तीच्या पायांवर डोके ठेवण्याची पंढरीची रीत हीसुद्धा याच जातीची.

तेव्हा वाद विधी पाहिजेत की नकोत, हा नाहीच. विधी दोन प्रकारचे आहेत: माणसाला जवळ घेणारे आणि माणसाला दूर ठेवणारे. त्यांची पारख करण्याची कसोटी बाहेरून, परकीय ग्रंथांतून आणण्याचे कारण नाही. ती मंदिराच्या स्वतःच्या दंतकथांतच आहे. पुंडलिकाचीच कथा घ्या. देव दारी आला असता आईबापांची सेवा सोडून तो उठला नाही. वीट फेकली आणि थांबावयास सांगितले. देवाला तिष्ठत ठेवून माणसाची सेवा आधी करावी, या पायावर, या विटेवर, हे सारे क्षेत्र उभे आहे. वाळवंटातील त्याच्या मंदिरात पूजेचा मान कोळी समाजाकडे आहे, आणि आधी पुंडलिकाचे दर्शन घेऊन मग विठ्ठलाकडे जावे, हा संप्रदायाचा क्रम आहे. जेथे वाट अशी दाखविलेली होती, तेथे काही पावलांवर माणसांना अडविणारा उंबरठा उभा राहिला, ही विसंगती सुधारकांनी बाहेरून लादलेली नाही. कथेनेच ती उघड करून ठेवली आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आता हे सारे मिटले आहे. १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे व उत्पात यांचे दावे फेटाळले. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या सेवेसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. मग जुनी मढी उकरण्यात काय हशील? आमचे उत्तर असे. कायद्याने मंदिराचे दार उघडते, घराचे उघडत नाही. आषाढीला आम्ही अभंग लावतो, साबुदाण्याची खिचडी खातो, चोखोबांच्या नावाने हळहळतो. आणि त्याच दिवशी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना चहा द्यावयाचा तो खिडकीत उपडा घातलेल्या निराळ्या कपातून. जागा भाड्याने देताना आधी आडनाव विचारतो. आमच्या स्वतःच्या घरी तो निराळा कप कित्येक वर्षे होता, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. वर्गात कथा रंगविणाऱ्या प्राध्यापकाला तो दिसला नव्हता. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर दिसला.

दुसरा आक्षेप असा की, अशा चिकित्सेने मुलांची श्रद्धा ढळेल. आम्हांस हे उलट वाटते. चमत्कार तेवढा सांगून बाकीचे झाकले, तर मूल मोठे झाल्यावर चमत्कारावरचा त्याचा विश्वास उडतो आणि हाती काहीच उरत नाही. सूळ विरघळला की नाही, यावर ते वयात येताच शंका घेईल. गरीब मोलकरणीवर चोरीचा आळ येतो, ही गोष्ट मात्र त्याला कोणत्याही वयात खरी वाटेल, कारण ती त्याने शेजारीच पाहिलेली असेल. ज्या अज्ञात लोकांनी या कथा रचल्या, त्यांना दार उघडण्याची सत्ता नव्हती. त्यांनी आपली फिर्याद देवाच्या गालावर लिहून ठेवली, आणि पुसता येऊ नये म्हणून तिला भक्तीचे रूप दिले. ती वाचल्याने श्रद्धा ढळत असेल, तर ती श्रद्धा विठ्ठलावरची नसून उंबरठ्यावरची आहे.

आमची सूचना लहानशीच आहे. येत्या एकादशीला घरातील मुलांना चोखोबांची कथा सांगावी. पण ती पुरी सांगावी. दही सांडले, गाल सुजला, येथे न थांबता दार कोणी बंद ठेवले होते, ते किती शतके बंद राहिले व कोणाच्या उपोषणाने उघडले, हेही सांगावे. मुलाने पुढे अडचणीचा प्रश्न विचारला, तर रागावू नये. उत्तर सुचेनासे झाले, तर उठून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा पाहून यावे.