टाचेचं दुखणं आणि बसायचा हक्क



कंबर, गुडघे, अंगावरून जाणं, याबद्दल आपण शिबिरांतून बोलायला लागलो. टाच मात्र अजून कुणी चर्चेला घेतली नाही. माझी उजवी टाच दहा महिने दुखत होती, आता जवळजवळ बरी आहे. म्हणून हे संपादकीय टाचेवर.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की ओसरतं, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणकतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. झेपेल त्याहून जास्त ताण रोज पडला की टाचेपाशी तो झिजतो. सतत उभं राहणं, कडक फरशी, आखडलेल्या पोटऱ्या, वाढलेलं वजन ही त्याची कारणं. मला डॉक्टरांनी सांगितलं ते फक्त शेवटचं. ओट्यापाशी किती तास उभ्या असता, हे विचारलं नाही.

एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं की बायका घाबरतात. पण टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी जणांचंही हाड असं वाढलेलं असतं. इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पुढे असर ओसरतो. आणि वारंवार घेतलं तर तो पट्टा तुटण्याचा धोका असतो. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकणं आपल्याकडे घरोघरी चालतं. मलाही त्याने बरं वाटलं, पण तेवढ्याने दुखणं गेलं नाही.

उपयोग झाला तो व्यायामाचा. अंथरुणातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची. दुखणं जरा उतरल्यावर पायरीच्या कडेवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, एक दिवसाआड. घरातही मऊ तळाची चप्पल. (सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चप्पल घालण्यावरून जे झालं तो वेगळ्या लेखाचा विषय!) फरक पडायला महिने लागतात. बहुतेकींना वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरं वाटतं. मात्र रात्री झोपेतही दुखत असेल, पाय बधिर होत असेल, मधुमेह असेल किंवा दोन्ही टाचांबरोबर सांधेही सकाळी आखडत असतील, तर अंगावर काढू नका.

पण व्यायाम पायाचा, आणि ताण कामाचा. चूल जाऊन ओटा आला तेव्हा वाकणं सुटलं, उभं राहणं मागे लागलं. मी ओट्यापाशी उंच स्टूल आणलं. भाजी निवडणं, चिरणं, पोळ्या लाटणं बसून होतं. 'आळशी' म्हणून घेतलं, पण स्टूल हलवलं नाही.

कापडाच्या दुकानातल्या मुलीला हे कुठलं? केरळात अशा दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसूच देत नसत. कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या 'पेणकूट्ट' संघटनेने आधी स्वच्छतागृहाचा आणि मग बसण्याचा प्रश्न लावून धरला. 2018 मध्ये केरळने दुकान कायदा बदलून बसायची सोय बंधनकारक केली. 2021 मध्ये तामिळनाडूनेही केली. कारखान्यांसाठी तर 1948 च्या कायद्यातच, 44व्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय सांगितली होती. कागदावर.

पुढच्या अंकापर्यंत एवढं कराल का? आपल्या बाजारपेठेतल्या दहा दुकानांत जा. विक्रेत्या मुलींमागे स्टूल आहे का, आणि असलं तर गिऱ्हाईक नसताना त्यावर बसू देतात का, हे त्यांनाच विचारा. मालकासमोर नको. उत्तरं पोस्टाने पाठवा, आम्ही छापू.