बारमाही हिरवळीचा मोह

रस्त्यांचे दुभाजक, गृहसंकुलांतील उतार, महाविद्यालयांची आवारे यांवर अलीकडे एकच हिरवी चादर पसरलेली दिसते. तकतकीत त्रिखंडी पाने आणि वर्षभर उमलणारी पिवळी फुले असलेल्या या वनस्पतीला रोपवाटिकेत 'वेडेलिया' म्हणतात. मूळची ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. येना येथील सतराव्या शतकातील वनस्पतिज्ञ वेडेल यांच्यावरून पडलेले हे नाव शास्त्राने आता मागे टाकले असून तिची गणना 'स्फॅग्नेटिकोला' या प्रजातीत केली आहे. बाजारात मात्र जुनेच नाव रूढ आहे.

तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून ती मुळे सोडते, धूप रोखते आणि फारशी निगा मागत नाही. प्रश्न उद्भवतो तो याच गुणांतून. छाटणीचा टाकून दिलेला तुकडाही ओलाव्यात रुजतो आणि दाट थराखाली इतर रोपांना प्रकाश मिळेनासा होतो. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तिचा समावेश आहे.

पेरापेरांतून पसरणे हाच दोष म्हणावा, तर आपली दूर्वाही तशीच पसरते. परंतु दूर्वा येथील गुराढोरांच्या, पावसाच्या आणि उन्हाच्या व्यवहारात मुरलेली आहे. उन्हाळ्यात ती सुकते, पावसात परतते आणि तिच्या शेजारी माका, केना, आघाडाही उगवतात. गणपतीच्या पत्रीत दूर्वा, माका आणि आघाडा एकत्र येतात. ही परंपरा टिकायची तर ती ओली, मोकळी जमीन उरायला हवी.

माझ्या मते खरा दोष त्या वनस्पतीचा नसून आपल्या अभिरुचीचा आहे. आपल्याला वैशाखातली तांबूस जमीन ओसाड वाटते आणि भाद्रपदातले रान 'तण' वाटते. ऋतुचक्रावर पोसलेली भाषा शिकवणाऱ्या आवारांतच ऋतू नकोसे व्हावेत, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

सर्व दुभाजक उखडावेत असे कोणी म्हणणार नाही. छाटलेले तुकडे ओढ्याकाठी टाकू नयेत आणि प्रत्येक आवारात जमिनीचा एक तुकडा काहीही न लावता पावसाच्या स्वाधीन करावा, एवढे तरी आपण करू शकतो. तेथे काय उगवते, हे विद्यार्थ्यांना नावानिशी ओळखू द्यावे.