विश्वास घटलेला नाही, खिसा फाटला आहे!

रिझर्व्ह बँक शहरांमधल्या कुटुंबांना रोजगार, उत्पन्न, खर्च आणि भाव यांबद्दल विचारते आणि त्यावरून ग्राहकांच्या विश्वासाचा निर्देशांक काढते. आकडा 100 च्या खाली म्हणजे निराशा. मे 2021 मध्ये तो 48.5 पर्यंत घसरला होता. आकडा घसरला, की वाहिन्यांवरचे तज्ज्ञ लोकांची 'मानसिकता' सुधारण्याचे उपाय सांगू लागतात.

आमचा आक्षेप या भाषेलाच आहे. वस्तीतली बाई तेलाची पिशवी परत ठेवून पाव किलो सुटे तेल मागते, तेव्हा तिचा बाजारावरचा विश्वास उडालेला नसतो. तिने हिशेब केलेला असतो. महागाई वाढली की सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो. तो मिळालाच पाहिजे. पण त्याच कचेरीचे संडास साफ करणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन आणि त्यावरचा विशेष भत्ता पुरा मिळतो का, हे कोण तपासते? आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या वाट्याला आले, हे वेगळे सांगायला हवे का?

महागाई सगळ्यांना सारखीच लागते, हे थोतांड आहे. रुपया स्वस्त झाल्याचा फायदा देशाला होत नाही, एका वर्गाला होतो आणि त्याची किंमत देशातलाच दुसरा वर्ग मोजतो, हे बाबासाहेबांनी 1923 सालीच 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मांडले. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. मधली तूट मजुराच्या ताटातून भरली जाते.

आता सरकारचा हिशेब पाहा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा 2013 साली अडीच लाख रुपये ठरली. 2021 मध्ये योजनेचे नवे नियम आले, मर्यादा तीच राहिली. आई-बाप दोघे मिळून महिन्याला 21 हजार कमावू लागले, की वर्षाचे 2 लाख 52 हजार होतात. झाले, पोरगी शिष्यवृत्तीच्या बाहेर! महाराष्ट्रात फी माफ होते, पण निर्वाहभत्ता जातो. मग खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके कशातून? दुसरीकडे 2019 साली आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी मर्यादा ठरली आठ लाख. आठ लाखवाला 'दुर्बल' आणि अडीच लाखवाला सुखवस्तू, हे कोणते अर्थशास्त्र? हे तर सरळ जातीचे गणित आहे.

आम्हाला धीराचे बोल नकोत. शिष्यवृत्तीची मर्यादा आणि निर्वाहभत्ता दरवर्षी महागाईनुसार वाढवा. कंत्राटी कामगाराचे वेतन भत्त्यासह थेट बँकेत जमा करा आणि ते बुडवणाऱ्या कंत्राटदाराला काळ्या यादीत टाका. खिशात हक्काचा पैसा आला, की विश्वास आपोआप येईल. तोपर्यंत निर्देशांक नव्हे, आमच्या चुली मोजा.

जय भीम!