सरपण वाहणाऱ्यांचा रानावर हक्क



वतनाच्या काळात अंमलदार गावी मुक्कामास आला म्हणजे त्याच्या चुलीचे सरपण आणि गावात कोणी मयत झाले म्हणजे सरणाची लाकडे कोणाच्या डोक्यावरून जात, हे आपण घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. मुंबई राज्याच्या 1958 च्या कायद्याने ती वतने गेली. परंतु ज्यांनी साऱ्या गावाचे लाकूड वाहिले त्यांचा रानावरील हक्क कोणत्याही दप्तरात कधी लिहिला गेला नाही. 1927 च्या वनकायद्याच्या दृष्टीने तर डोईवर मोळी घेतलेली बाई ही बहुधा गुन्हेगारच.

2006 साली वनहक्क कायदा झाला. तो केवळ आदिवासींचा आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे आपल्या वस्तीत सांगितले जाते व आपणही ते मुकाट्याने मान्य करतो. हे अर्धसत्य आहे. कायद्याच्या नावातच अनुसूचित जमातींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' हे शब्द आहेत. 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, वनात वस्ती आणि वनावर उपजीविका असलेला कोणीही त्यात येतो.

ही 75 वर्षांची अट आम्हांस अन्यायाची वाटते. ज्यांचे घर गावकुसाबाहेर आणि नाव दप्तराबाहेर, त्यांनी 1930 सालचा कागद आणावा कोठून? आदिवासींवर अशी अट नाही, आणि ते योग्यच आहे. प्रश्न आपल्यावर ती का, हा आहे. तथापि अट बदलेपर्यंत घरी बसणे हा शहाणपणा नव्हे. कायद्याने 75 वर्षे वस्तीची मागितली आहेत, दावा केलेल्या तुकड्यावरील कब्जाची नव्हे. शिवाय अमुकच कागद हवा असा आग्रह धरता येत नाही. जुनी विहीर, दफनभूमी, घातलेले बांध आणि दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचा लिहून घेतलेला जबाब हेही पुरावे आहेत. मात्र पुरावा एकाहून अधिक असावा. पट्टा मिळाला तर तो पतिपत्नी दोघांच्या नावे होतो आणि विकता येत नाही, हे घरातील स्त्रियांनी विशेष ध्यानात ठेवावे.

परंतु भूमिहीनास खरा आधार सामूहिक हक्काचा आहे. चराई, सरपण, मोह, तेंदू, बांबू, तळ्यातील मासळी यांवर गावाचा हक्क आणि रान राखण्याची सत्ता ग्रामसभेची. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास 2012 मध्ये 1,006 हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. ते गाव स्वतः बांबू विकते. तेंदूपानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, म्हणून त्या गावाने पाने तोडणेच बंद केले. झाडावर आता फळ राहते. 34 हेक्टर रान तर त्यांनी आपण होऊन राखून ठेवले आहे. हक्काबरोबर वन्यप्राणी, झाडे व पाणलोट जपण्याचे कर्तव्यही कायद्याने ग्रामसभेवर टाकले आहे आणि ते टाकले, यात आम्हांस काही वावगे दिसत नाही.

धोका निराळ्या ठिकाणी आहे. ग्रामसभेने उद्या चराईबंदी वा कुऱ्हाडबंदी ठरविली, तर तिचा भार कोणावर पडणार? ज्याच्या बांधावर चारा आहे त्याच्यावर नव्हे. ज्याच्या दाराशी दोन शेळ्या आणि जमीन शून्य, त्याच्यावर. बंदी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. कोणता भाग किती वर्षे बंद, शेळ्यांना पर्यायी वाट कोणती, वाळलेले लाकूड उचलण्याची मुभा आहे की नाही, हे ठरताना आपली माणसे तेथे बसलेली हवीत. सभेस निम्मे सभासद आणि उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया लागतात. त्या गणपूर्तीसाठी आपल्या बायकांना बोलावणे येते, सही-अंगठा होतो आणि त्या परततात, असे पुष्कळ ठिकाणी घडते. त्यांनी परतू नये. मोळी कोठून येते हे त्यांच्याइतके सभेतील कोणास ठाऊक आहे?

पुढील ग्रामसभेपूर्वी वस्तीतील आणि शेजारच्या वृद्धांचे जबाब लिहून घ्या. जुन्या वस्तीची आठवण सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.