फ्रिजला ताप आलाय? आधी थर्मामीटर तपासा!

फ्रीझरमध्ये बर्फ एकदम कडक, पण खालच्या खणात दूध नासलेलं आणि डोशाचं पीठ डब्याबाहेर! मेकॅनिक येतो, मागे वाकून बघतो आणि गंभीर चेहऱ्यानं निकाल देतो, ‘कॉम्प्रेसर गेला!’ महिन्याचं बजेट कोलमडलंच म्हणून समजा.

जरा थांबा, बॉस. कॉम्प्रेसर खरंच मेला असता, तर वरचा बर्फ टिकला असता का?

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडी तयार होते फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिथून पंखा ती खाली ढकलतो. कुठे किती थंडी आहे, ही खबर सर्किट बोर्डला देतो सेन्सर, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला छोटासा थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. बस्स, एवढंच काम!

पण हा खबऱ्या खोटं बोलायला लागला की घोळ सुरू. तो उगाच ‘खूप थंड आहे’ म्हणाला, की कॉम्प्रेसर लवकर बंद आणि दूध नासलं. ‘गरम होतंय’ म्हणाला, की कॉम्प्रेसर चालूच. काकडीचा बर्फ आणि वीजबिलाचा भडका. कॉइलवरचा डीफ्रॉस्ट सेन्सर बिघडला, तर बर्फ साचून हवेची वाटच बंद. वर हिमालय, खाली मे महिना!

म्हणून मेकॅनिकला गोड आवाजात सांगा, ‘दादा, आधी सेन्सर मल्टिमीटरवर दाखवा.’ टेस्ट सोपी आहे. सेन्सर बोर्डपासून सुटा करायचा आणि बर्फाच्या पाण्यात, म्हणजे ०° सेल्सिअसला, बुडवायचा. २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा सेन्सर इथे साधारण तिप्पट आकडा दाखवतो. मॉडेलनुसार आकडे बदलतात, त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता बघाच. आकडा हललाच नाही किंवा तक्त्यापासून फार लांब गेला, तर चोर सापडला! कॉम्प्रेसरपुढे सेन्सरची किंमत अगदी किरकोळ.

बदलताना एवढं सांभाळा:

• वॉरंटी असेल तर फ्रिजला हात लावू नका, कंपनीलाच बोलवा.

• आधी प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

• बर्फ सुरीनं खरवडू नका, दार उघडं ठेवून वितळू द्या. कॉइलला भोक पडलं तर गॅस जातो आणि बऱ्याच नव्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस ज्वालाग्राही असतो.

• मॉडेल नंबर सांगूनच पार्ट घ्या. नवा सेन्सर जुन्याच जागी बसवा आणि वायरच्या जोडात ओल शिरणार नाही असं पक्कं सील करा.

मग पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून तो ग्लास रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. खाली ४ अंश किंवा कमी, फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास दिसलं, की मेकॅनिकदादांचे पैसे चुकते करा. आणि नव्या फ्रिजच्या ईएमआयचे पैसे? ते गोव्याच्या ट्रिपला ठेवा!