मिठागरे कोणी ओस पाडली?

बाहेरून आलेल्या मजुरांनी गोमंतकीयांच्या तोंडचा घास काढून घेतला, असे म्हणण्याची एक प्रथाच आपल्याकडे पडली आहे. हे गाऱ्हाणे आता महाजनांच्या सभांतूनही ऐकू येते, आणि ऐकणारे मान डोलावतात. या मताचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ज्यांनी ते मुळीच उच्चारू नये, नेमके त्यांच्याच मुखी ते आहे.

ज्या देवतांपुढे आपण नतमस्तक होतो त्यांचाच इतिहास पाहावा. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून, श्रीशांतादुर्गा केळोशीहून, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून निघून सोळाव्या शतकात जुवारीपलीकडे अंत्रुजात आल्या. अंत्रुज तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होते. तेथील रयतेने ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणून वाट अडविली असती, तर आपल्या पालख्या आज कोठे निघाल्या असत्या?

धर्मछळाने परागंदा होणे निराळे आणि पोटासाठी घर सोडणे निराळे, असे कोणी म्हणेल. बरे तर, पोटाचाच दाखला घेऊ. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्याअन्वये दोन्ही मुलुखांची जकात एक झाली, मुरगाव बंदर लोहमार्गाने ब्रिटिश हद्दीशी जोडण्याचे ठरले, आणि गोव्यातील मिठाचा व्यवहार इंग्रज सरकारच्या ताब्यात गेला. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये मिळावयाचे होते. रुपये खजिन्यात पडले. मिठागरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या ओंजळीत काय पडले? इंग्रजांस हिंदुस्थानातील आपला मिठावरचा कर सांभाळावयाचा होता, गोव्याचे मीठ नव्हे. साहजिकच लहान मिठागरे बंद पडली. अबकारीचा जाच रेंदेरांच्या माडापर्यंत पोहोचला. बाहेरचे स्वस्त कापड विनाजकात आत आले. गाडी सुरू झाली ती माल आत आणी व माणसे बाहेर नेई. १८९२ मध्ये तह संपला, जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. गेलेला धंदा मात्र परतला नाही. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, आगबोटींची खलाशीगिरी आणि गावी येणारी मनीऑर्डर, हा गोमंतकाचा संसार त्या काळात पक्का झाला. (तहाने सगळेच बुडविले असे नाही, मुरगाव बंदर आजही पोटाला लावते.)

त्या वेळी मुंबईस उतरलेल्या गोवेकराने तेथील मजुराचा घास काढून घेतला काय? आणि येथील मिठागरे एखाद्या परप्रांतीयाने बुडविली काय? ज्यांच्या सहीने ती बुडाली त्यांतला एकही त्या चिखलात उतरलेला नव्हता.

कायद्याकडे बोट दाखविणाऱ्यांसाठी दोन शब्द. अनुच्छेद ३७१-आय गोव्याचे रक्षण करतो असा पुष्कळांचा समज आहे. तो अनुच्छेद विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत, एवढेच सांगतो. कोठेही राहण्याचा व धंदा करण्याचा हक्क अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकास दिला आहे. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी ७५ टक्के जागा राखण्याचा कायदा केला, तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

बाहेरचा मजूर कमी दरात राबतो म्हणून स्थानिकाची मजुरी पडते, हा आक्षेप मात्र निव्वळ द्वेषाचा नाही. त्यास उत्तर दिलेच पाहिजे. तो कमी दरात का राबतो? त्याचे नाव कोणत्याही वहीत नसते म्हणून. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर बसविला, आणि त्यातून नोंदलेल्या बांधकाम मजुरांस साहाय्य मिळावे अशी योजना केली. पण नोंदणी नाही तर साहाय्य नाही. किमान वेतन स्थानिकास व परक्यास एकच आहे. ते खरोखर दिले गेले, तर परका स्वस्त राहत नाही आणि स्थानिकाचा दरही पडत नाही. म्हणजे मजुरी पाडतो तो येणारा नव्हे, वही कोरी ठेवणारा कंत्राटदार. आणि ती कोरी वही पाहून न पाहिल्यासारखे करणारा धनी.

हा धनी पुष्कळदा आपण असतो. ज्या देवस्थानांत सध्या सभामंडपाचे किंवा अग्रशाळेचे काम चालू आहे, त्यांच्या समित्यांनी पुढील हप्ता देण्यापूर्वी कंत्राटदाराकडे मजुरांची नोंदवही व वेतनपत्रक मागावे. महाजनांच्या येत्या सभेत हा ठराव कोणी तरी मांडावा. आम्ही आमच्या देवस्थानात तो मांडणार आहोत.