अत्तराचं प्रगतिपुस्तक



मागच्या खेपेला आपण तुरटीचे खडे वाढवले. बऱ्याच जणांचे छान झाले, दोघांचे मांजराने सांडले. आज डोळ्यांना सुट्टी. आजचं काम नाकाचं आहे. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

गेल्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावाने ओवाळणीत एक काचेची बाटली घातली. नोकरी लागल्यानंतरची त्याची ही पहिलीच दिवाळी. बाटलीवर वाळ्याच्या मुळांचं आणि लिंबाच्या फोडीचं चित्र होतं. मी झाकण काढलं, ते झाकणच नाकाशी नेलं आणि म्हटलं, “अय्या, हा तर भांड्यांच्या साबणाचा वास!” सगळे हसले. भाऊही हसला, पण जरा उशिरा. बाटली कपाटात गेली, ती मार्चपर्यंत तिथेच राहिली.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. वर्गातल्या माठात मी वाळ्याची जुडी सोडली. पहिला घोट घेतल्याबरोबर चौथीतला एक पठ्ठ्या ओरडला, “बाई, पाण्याला वास येतोय!”

“वाळ्याचा आहे तो.”

“वाळा? पायातला?”

सगळा वर्ग खो खो हसला. पण खरंच, बाळाच्या पायातला वाळा वेगळा आणि माठातला वेगळा. माठातला वाळा म्हणजे एका गवताचं मूळ. हिंदीत त्याला खस म्हणतात. ऊस आणि ज्वारी ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे गवत. पात्याला फारसा वास नाही, जे काही आहे ते मुळात. आणि ही मुळं सरळ खाली जातात, तीन-चार मीटरपर्यंतसुद्धा! म्हणजे तुमच्या वर्गाच्या छताएवढी. म्हणून तर पावसात माती वाहून जाऊ नये यासाठी बांधावर हे गवत लावतात. तमिळमध्ये त्याला ‘वेट्टिवेर’ म्हणतात. वेर म्हणजे मूळ, आणि वेट्टि म्हणजे खणून काढलेलं. फ्रेंच लोकांनी तोच शब्द उचलला आणि ‘व्हेतिव्हेर’ केला. पॅरिसच्या गेर्लां कंपनीचं याच नावाचं सुगंधी पाणी 1959 सालचं. एवढ्या दूरच्या बाटलीवर तमिळ शब्द जाऊन बसला, याची मला फार गंमत वाटते.

वाळ्याचं नाव निघालं आणि मला कपाटातली बाटली आठवली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत नेली.

ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीच्या टोकावर एक-एक थेंब टाकला. अंगावर कुणाच्याही लावलं नाही. पाच जणांना मिळून एक पट्टी. वहीत तीन रकाने : वेळ, वास कशासारखा, दहापैकी गुण. एकच अट घातली, ‘छान’ आणि ‘घाण’ हे दोन शब्द लिहायचे नाहीत. कशासारखा ते सांगायचं.

आठ वाजता सगळ्यांनी एकच लिहिलं : लिंबू. एकाने जरा बारकाईने लिहिलं, “मोसंबी सोलताना डोळ्यात उडतं ना, तसा.” सव्वाआठला लिंबू मंदावलं आणि “सालीच्या आतल्या पांढऱ्या भागासारखा कडवट” असा शेरा आला. नऊ वाजता कुणी लिहिलं माठ, कुणी ओली माती, कुणी “भुईमुगाचे वेल उपटल्यावर येतो तसा”. दहाला घोटाळा झाला. खिचडीचा वास आला आणि सगळ्या पट्ट्यांना फोडणीचा वास येऊ लागला! ते गुण मी रद्द केले. अकरा वाजता मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने लिहिलं, “आजोबांची लाकडी पेटी.” दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या पुन्हा काढल्या, तर लिंबाचा मागमूस नव्हता. वाळा मात्र होता तसाच.

एका मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनच गुण दिले. “मला मातीचा वास घ्यायला आवडत नाही,” म्हणाला. त्याचे गुण मी बदलले नाहीत. नाक त्याचं आहे.

मग प्रश्न सुरू झाले. लिंबू कुठे गेलं? वाळा आधी का आला नाही?

शाळा सुटल्याची घंटा आठवा. पहिलीची पोरं कशी धूम ठोकतात! सातवीची मुलं मात्र दप्तर आवरत, गप्पा मारत सावकाश निघतात. थेंबातही तसंच होतं. वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे रेणू हवेत उडून आपल्या नाकात शिरतात. लिंबाच्या सालीतल्या तेलात मुख्यत्वे लिमोनीन असतं. त्याच्या एका रेणूत 10 कार्बन आणि 16 हायड्रोजनचे अणू. हलकंफुलकं काम, भुर्रकन उडतं. वाळ्याच्या तेलातल्या खुसिमॉलच्या रेणूत 15 कार्बन, 24 हायड्रोजन आणि वर एक ऑक्सिजन. अंगाने जड, त्यामुळे हळूहळू उठतो. वाळा पहिल्यापासून पट्टीवर होताच, फक्त लिंबाच्या कलकलाटात त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. अत्तरं करणारे वाळा घालतात त्याचं एक कारण हेच. तो स्वतः टिकतो आणि हलक्या वासांनाही थोडं धरून ठेवतो.

“बाई, पण वास बाटलीत भरतात कसा?” हा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

उत्तर प्रदेशातलं कन्नौज हे अत्तरांचं जुनं गाव. तिथे वाळ्याची मुळं तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्यात घालतात. या हंड्याला देग म्हणतात. झाकण ओल्या मातीने लिंपून टाकतात आणि खाली विस्तव पेटवतात. वाफ बाहेर पडायला एकच वाट असते, बांबूची नळी. ती नळी पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, म्हणजे भपक्यात, उतरते. तिथे वाफ थंड होते आणि तिच्याबरोबर आलेलं तेल पाण्यावर वेगळं होतं. शंभर किलो मुळांतून जेमतेम किलोभर तेल, पुष्कळदा त्याहूनही कमी. तांब्याच्या भांड्यामुळे या तेलाला हिरवट झाक येते. सरबताच्या बाटलीतला गर्द हिरवा रंग मात्र घातलेला असतो हं! माठातल्या पाण्याला कधी हिरवा रंग आलेला पाहिलाय का?

लिंबाचं काम सोपं. साल दाबली की तेल निघतं. साल वाकवून आरशासमोर दाबा, बारीक तुषार दिसतील.

हे चाललेलं असताना शिपाईमामा वही घेऊन दारात आले आणि म्हणाले, “लिंबं फोडलीत की काय वर्गात?” मुलं चकित! कारण तोवर वर्गात बसलेल्या कुणालाच हवेत वास जाणवत नव्हता. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. आपल्या नाकात वास ओळखणारी सुमारे 400 प्रकारची ग्राहके असतात. ती कशी काम करतात हे शोधून काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004 साली नोबेल पारितोषिक मिळालं. एवढं तयारीचं नाक, पण कंटाळतं लवकर. म्हणूनच काही मोठी माणसं “वास गेला वाटतं” म्हणत पुन्हा पुन्हा फवारा मारतात आणि बसमध्ये शेजारच्याला खिडकीकडे तोंड करावं लागतं. (पालकांनो, हे तुमच्यासाठी.) दोन वासांच्या मध्ये बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यावं, नाहीतर आपलीच बाही हुंगावी.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला दोन-तीन शिंका आल्या. लगेच खिडक्या सताड उघडल्या आणि तिला बाहेर झाडाखाली बसवलं. ज्यांना दमा आहे, त्यांनी हा प्रयोग करू नये आणि त्यांच्या जवळही कुणी करू नये. बाटलीत स्पिरिट असतं, ते पेट घेतं, तेव्हा देवघरापासून आणि गॅसपासून ती लांब हवी. आणखी एक. लिंबाच्या सालीचा रस अंगावर असताना कडक उन्हात गेलं, तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात. तुम्हाला सुगंध हवाच असेल तर रुमालावर लावा.

वर्गाचं काम झालं. आता माझी परीक्षा राहिली होती. झाकण हुंगून शेरा मारला होता ना मी!

रविवारी सकाळी सात वाजता मनगटावर एक फवारा आणि सुती साडीच्या पदरावर एक. मनगटं एकमेकांवर घासली नाहीत. पहिली दहा मिनिटं पुन्हा तेच, लिंबाचा तिखट, फरशी पुसल्यासारखा वास. इथे मी दहापैकी चारच देईन, आजही. साडेसातला तो निवळला. साडेआठला मनगटातून गारवा आल्यासारखं वाटलं. गारवा वासाला नसतो हे मला कळतं, पण दुसरा शब्द सापडत नाही. सात गुण. दुपारी मंडईतून घामाघूम होऊन आले. एरवी घामात बरेच वास आंबतात, हा आंबला नाही. उलट ऊन तापल्यावर जास्त खुलला. नऊ गुण. चार वाजता मनगट अगदी नाकाशी न्यावं लागलं. आणि रात्री पदर घडी करताना एकदम आमचं जुनं घर समोर उभं राहिलं.

उन्हाळ्यात आजी माठात वाळा घालायची. दुपारी पाणी प्यायला गेलं की अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो वास असायचा. आणि आम्हा भावंडांपैकी कुणाला ताप आला की आई कपाळावर कोलनवॉटरची घडी ठेवायची. कोलन म्हणजे जर्मनीतलं कलोन शहर. योहान मारिया फरिना नावाच्या इटालियन माणसाच्या घराण्याने 1709 मध्ये तिथे दुकान घातलं आणि लिंबू-संत्र्याच्या सालींच्या तेलांचं सुगंधी पाणी त्या शहराच्या नावाने जगभर गेलं. ते आमच्या तापापर्यंत येऊन पोचलं. म्हणजे वर आईची घडी आणि खाली आजीचा माठ! दोन्ही एका बाटलीत होतं आणि मी साबण म्हणून मोकळी झाले होते.

रात्रीच भावाला फोन लावला. मुलांच्या वह्यांतले शेरे वाचून दाखवले, माझे गुणही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, दुकानदार कंटाळला होता माझ्यावर. कागदाची पट्टी हातात धरून पाऊण तास उभा होतो. आजीच्या माठाचा वास आला तेव्हाच पैसे दिले.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू झाकण लावून टाकलं होतंस ना!”